कौलापासून भूखंडापर्यंत : पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक घडणीचा विचार

१. विषयप्रवेश

अमरकोशाच्या पुरवर्गात नगरवाचक शब्द सांगून झाल्यावर मूलनगराखेरीज जे दुसरे पुर वसते त्यास 'शाखानगर' अशी संज्ञा दिलेली आहे. आधुनिक मराठीने हा शब्द बाजूस सारून 'उपनगर' हा शब्द पत्करला. दोहोंच्या अर्थच्छटांत थोडे अंतर आहे. 'उप' या उपसर्गाने सान्निध्य आणि दुय्यमत्व एवढेच सूचित होते. शाखेच्या कल्पनेत मात्र मुळाशी असलेले नाते आणि स्वतंत्रपणे फळण्याची शक्ती अशा दोन्ही गोष्टी अनुस्यूत आहेत. मोठ्या शहराच्या छायेत वाढणाऱ्या गावासमोर जो प्रश्न उभा राहतो तो या दोन शब्दांमधील अंतरातच सामावलेला आहे. शेजारच्या शहरातील लोकांना निवारा पुरवून थांबावयाचे, की स्वतःचे उद्योगधंदे उभारून स्वतःच्या बळावर नांदावयाचे? आणि दुसरा मार्ग धरावयाचा तर ज्याच्यापाशी जुनी बाजारपेठ नाही, बंदर नाही, राजधानीचा मान नाही, अशा गावाने उद्योजकाला आपल्याकडे वळवावे कसे?

पुण्याच्या वायव्येस असलेल्या पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. १९५० च्या सुमारास ही शेतकऱ्यांची गावे होती. २०११ च्या जनगणनेत त्यांच्यातून घडलेल्या महानगराची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक भरली. या वाढीचे कारण सामान्यतः तीन शब्दांत सांगितले जाते : मुंबईची जवळीक, स्वस्त जमीन आणि सरकारी सवलती. यांपैकी पहिल्या दोहोंत तथ्य आहे. तिसऱ्याविषयी मात्र फेरविचार करणे आवश्यक आहे. सवलतीने उद्योग एखाद्या ठिकाणी येतो हे खरे असले, तरी तो तेथे का टिकतो याचे उत्तर सवलतीत सापडत नाही. पिंपरी-चिंचवडचा सत्तर वर्षांचा वृत्तांत हेच सांगतो. हा भेद स्पष्ट होण्यासाठी प्रथम महाराष्ट्रातील एका जुन्या रीतीकडे वळले पाहिजे.

२. पेठ वसविण्याची रीत

व्यापारउदीम आपल्या गावी आणण्याची योजना ही आधुनिक काळाची निर्मिती नव्हे. मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची झाल्यास सरकारातून कौल दिला जात असे. 'कौल' हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ वचन असा आहे. देवापुढे लावलेला कौल आणि सरकारने दिलेला कौल या दोहोंतही पुढील काळाविषयीचे आश्वासन हाच अर्थाचा गाभा आहे. पेठेच्या कौलात सामान्यतः तीन अंगे आढळतात. पहिले अंग जागेचे : येणाऱ्या उदम्यास दुकान व घर बांधण्यासाठी जागा नेमून दिली जाई. दुसरे अंग माफीचे : ठरावीक वर्षेपर्यंत काही करांची सूट दिली जाई आणि पुष्कळदा वेठबिगारीपासूनही अभय मिळे. तिसरे अंग माणसाचे : पेठेवर शेटे आणि महाजन हे वतनदार नेमले जात. नव्या कुळांस बोलावून आणणे, त्यांस जागा वाटून देणे, पेठेचा हिशेब व तंटेबखेडे पाहणे ही कामे त्यांच्याकडे असत. पुण्यातील शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाले यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वसविली. उत्तरार्धात पेठांची ही मालिका पूर्वेकडे वाढत गेली.

पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठीही अशीच रीत होती. तिला इस्ताव्याचा कौल म्हणत. त्यात पहिल्या वर्षी सारा अल्प असे, आणि तो वर्षागणिक चढत जाऊन अखेर पूर्ण दरास पोचत असे. सूट कायमची नसून जम बसेपर्यंतची आहे, हे तत्त्व त्यात स्पष्ट होते. जी पेठ माफीची मुदत सरल्यावरही नांदली ती खरी पेठ. जी मुदतीबरोबर ओस पडली ती केवळ कागदावरची. एखादी पेठ कशामुळे नांदे? रस्ता, पाणी, गिऱ्हाईक आणि एकमेकांस पूरक अशा व्यवसायांचे सान्निध्य यांमुळे. तांबट, कासार, शिंपी, सराफ यांच्या आळ्या एकमेकींस लागून असत. त्यामुळे एका कारागिराचे अडलेले काम दुसऱ्याच्या दारी तडीस जाई. कौलाची ही तीन अंगे आणि त्यांच्या पलीकडची ही नांदण्याची कारणे ध्यानात ठेवून आधुनिक काळाकडे येणे सोयीचे होईल.

३. पूर्वपीठिका : रस्ता, लोहमार्ग आणि पवना

पिंपरी-चिंचवडचा प्रदेश मुळा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या दरम्यान पसरलेला आहे. चिंचवडचे नाव मोरया गोसावी यांच्या समाधिस्थानामुळे पूर्वीपासून सर्वश्रुत होते, आणि पुढे चापेकर बंधूंमुळे ते राष्ट्रीय इतिहासातही आले. तथापि गावाचे अर्थजीवन शेतीवरच अवलंबून होते. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाट पार करून मुंबई-पुणे मार्ग अखंड जोडला गेला. मुंबई-पुणे रस्ताही दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी असा याच गावांमधून जात होता. भोसरी पुणे-नाशिक रस्त्यावर होती. असे असूनही लोहमार्गानंतर सुमारे ९० वर्षे येथे मोठा कारखाना उभा राहिला नाही. दळणवळण ही औद्योगिक वाढीची आवश्यक अट असली तरी ती पुरेशी अट नव्हे, हे यावरून दिसून येते.

लष्करी उद्योगांचा अपवाद मात्र नमूद केला पाहिजे. खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोड येथे लष्करी भांडाराचा मोठा विस्तार झाला. या दोन ठिकाणांच्या मधल्या पट्ट्यात पिंपरी-चिंचवड येते. यंत्रावर काम करणारा, घड्याळाच्या पाळीने चालणारा कामगारवर्ग या परिसरात अशा रीतीने हळूहळू तयार होत होता. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीस वसली. छावणीतील कुटुंबांनी अल्पावधीतच किरकोळ आणि घाऊक व्यापार उभा केला. पिंपरीची बाजारपेठ ही मुख्यतः त्यांच्या श्रमांचे फळ होय. गावाला कारखाना मिळण्यापूर्वी बाजार मिळाला, ही गोष्ट पुढील वाढीच्या दृष्टीने लहान नव्हती.

४. पेनिसिलीनचा कारखाना

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची बालकनिधी संस्था यांचे तिला साहाय्य होते. पिंपरी येथे १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. प्रतिजैविकांचे उत्पादन हे किण्वनाचे, म्हणजे आंबविण्याचे शास्त्र आहे. त्यास विपुल व स्वच्छ पाणी, खंड न पडणारी वीज, टाक्या थंड राखण्याची व्यवस्था, निर्जंतुक हवा आणि रसायनशास्त्राचे जाणकार यांची गरज असते. पिंपरीस पवनेचे पाणी होते, लोहमार्ग व रस्ता होता, आणि पुण्यात १९५० मध्ये उद्घाटन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १५ किलोमीटरांच्या आत होती.

या कारखान्याने पिंपरीस जे दिले ते केवळ रोजगारापुरते मर्यादित नव्हते. एका अत्यंत नाजूक प्रक्रियेचा उद्योग या माळरानावर चालू शकतो, येथे शास्त्रज्ञ आणि अभियंते सहकुटुंब राहू शकतात, हे त्याने सिद्ध केले. उद्योजक नव्या ठिकाणाकडे पाहताना प्रथम हेच पाहतो, की आपल्या आधी येथे कोण आले आणि त्याचे काय झाले. कारखान्याच्या वसाहतीस लोक 'एच.ए. कॉलनी' म्हणू लागले आणि औषधाच्या कंपनीची आद्याक्षरे स्थलनाम बनली. स्थलनामांच्या इतिहासात देवता, जात, झाड आणि व्यक्ती यांची नावे गावांस लाभल्याची उदाहरणे विपुल आहेत. कंपनीचे नाव लाभल्याचे हे महाराष्ट्रातील लक्षणीय उदाहरण होय.

५. महामंडळाची पद्धती

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा राज्याचा उद्योग मुख्यतः मुंबईत एकवटलेला होता. त्याचे विकेंद्रीकरण करावे या हेतूने प्रथम एक मंडळ नेमले गेले आणि पुढे कायदा होऊन १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली ठाण्याच्या वागळे वसाहतीत त्याचा प्रारंभ झाला. पिंपरी-चिंचवड हे त्याच्या आरंभीच्या मोठ्या क्षेत्रांपैकी एक होय.

महामंडळाची पद्धती अशी : शासनाने जमीन संपादन करावयाची, महामंडळाने तिची मोजणी करून रस्ते, पाणी, वीज यांची व्यवस्था लावावयाची, आणि सिद्ध झालेले भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्योजकास द्यावयाचे. उद्योजकास शेतकऱ्यांशी वेगवेगळे सौदे करावे लागत नाहीत, सातबाऱ्याच्या वादात अडकावे लागत नाही, विहीर खणावी लागत नाही. जुन्या पेठेत शेटे-महाजनांनी जे केले ते येथे एका कार्यालयाने केले. कौलाची पहिली व तिसरी ही अंगे, म्हणजे नेमून दिलेली जागा आणि एका ठिकाणी उत्तर देणारा माणूस, महामंडळात पूर्णपणे अवतरलेली दिसतात.

दुसरे अंग मात्र येथे जवळजवळ नव्हते, आणि हीच या इतिहासातील सर्वांत बोधप्रद गोष्ट आहे. राज्य शासनाची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ मध्ये सुरू झाली. उद्योगांनी मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्याबाहेर जावे, अविकसित जिल्ह्यांत पसरावे हा तिचा हेतू होता. पिंपरी-चिंचवड याच पट्ट्यात मोडत असल्याने त्याची भरभराट या योजनेच्या आधाराने झाली असे म्हणता येत नाही. राज्याने उद्योजकास दुसरीकडे जाण्यासाठी सवलत देऊ केली असता त्याने येथील भूखंड पसंत केला, तो पाणी, रस्ता, सिद्ध जमीन आणि शेजार यांच्यासाठी.

भूखंडांच्या आकारात ठेवलेला फरक हा या पद्धतीचा आणखी एक विशेष होय. मोठ्या कंपन्यांस शेकडो एकर जमीन मिळाली, आणि त्याच वेळी भोसरीच्या बाजूस लहान उद्योजकांसाठी छोटे भूखंड व तयार शेड यांची आखणी झाली. इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखले जाणारे तेथील ब्लॉक, म्हणजे जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक इत्यादी, आजही लघुउद्योगांची नावनिशाणी सांगतात. मोठ्या कारखान्याच्या कुंपणाशेजारी लहान कारखान्यास जागा राखून ठेवणे ही जुन्या आळ्यांची रचनाच नव्या रूपाने होती, मग तशी जाणीव नियोजकांस असो वा नसो.

६. मोठे कारखाने आणि लहान हात

बजाज ऑटो कंपनीच्या आकुर्डी येथील कारखान्याचे भूमिपूजन १९६० मध्ये झाले. बजाज टेम्पो ही कंपनी मुंबईच्या गोरेगावात सुरू झाली होती. तीही आकुर्डीस आली. १९६० नंतरच्या दशकात दापोडी ते आकुर्डी या पट्ट्यात यंत्रे, बेअरिंगे, कापण्याची हत्यारे, डिझेल इंजिने यांचे कारखाने ओळीने उभे राहिले. परंतु या साऱ्यांत टेल्कोचा वृत्तांत विशेष अभ्यसनीय आहे.

टेल्कोने पुणे प्रकल्पाचे काम १९६६ च्या सुमारास हाती घेतले, आणि पुण्यात तयार झालेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधल्या ११ वर्षांत कंपनीने काय केले? संशोधन केंद्र स्थापन केले. यंत्रे व साचे बनविण्याचे विभाग उभारले. आणि शिकाऊ मुले घेऊन त्यांना फिटर, टर्नर, साचेकार बनविले. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांचा आग्रह असा होता, की वाहन बनविण्यापूर्वी वाहन बनविणारी हत्यारे आणि ती हत्यारे चालविणारी माणसे बनवावीत. ओसाड माळावर त्यांनी झाडे लावविली आणि पाण्याचा तलाव करविला. वरवर पाहता या गोष्टीचा उद्योगाशी संबंध नाही असे वाटेल. परंतु जो कारखानदार सावलीसाठी झाड लावतो तो त्या ठिकाणी दीर्घकाळ राहण्याच्या हेतूने आलेला असतो.

या प्रशिक्षणाचा लाभ एका कंपनीपुरता राहिला नाही. मोठ्या कारखान्यात काही वर्षे काढून हात बसलेला कारागीर बाहेर पडे, भोसरीत किंवा चिंचवडात एखादे शेड भाड्याने घेई, एक जुना लेथ बसवी, आणि ज्या कंपनीत नोकरी केली तिचेच सुटे भाग बनवून देई. मराठी व्यवहारात 'व्हेंडर' आणि 'जॉबवर्क' हे शब्द याच वाटेने रुळले. पेठेतील कासार-तांबटांप्रमाणे येथेही एकाने ओतकाम करावयाचे, दुसऱ्याने ते तासावयाचे, तिसऱ्याने त्यावर मुलामा चढवावयाचा, आणि हे सर्व दोन-तीन किलोमीटरांच्या परिघात, अशी साखळी तयार झाली. शहराला चिकटून राहणारा उद्योग तो हाच. मोठी कंपनी निर्णय बदलून अन्यत्र जाऊ शकते. परंतु शेकडो शेडांमध्ये विखुरलेले, परस्परांवर विसंबलेले कौशल्य उचलून नेता येत नाही.

७. मागाहून आलेली नगरपालिका

आश्चर्य वाटावे अशी गोष्ट ही, की हे सर्व घडत असताना येथे नगर असे नव्हतेच. कारखाने ग्रामपंचायतींच्या हद्दीत होते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांची मिळून नगरपालिका स्थापन झाली ती १९७० मध्ये. अण्णासाहेब मगर हे तिचे पहिले अध्यक्ष. कामगारांच्या घरांची आखीव सोय व्हावी म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निर्माण झाले. याच सुमारास पवना धरणाचे काम पूर्ण झाले. नगरपालिकेची महानगरपालिका १९८२ मध्ये झाली, आणि १९९७ मध्ये भोवतालची गावे तिच्या हद्दीत आली. उद्योग आधी, घरे मागाहून आणि नगरशासन त्याहून मागाहून, असा येथील क्रम होता. घरबांधणी व नागरी व्यवस्था यांना झालेल्या या विलंबाची किंमत शहराने झोपडवस्ती आणि अनधिकृत बांधकामे यांच्या रूपाने दीर्घकाळ मोजली.

प्राधिकरणाच्या भागांस कागदोपत्री 'पेठ क्रमांक' अशी नावे मिळाली, ही शब्दाभ्यासकाच्या दृष्टीने मौजेची गोष्ट होय. जुन्या पुण्यातील पेठ ही बाजाराची वस्ती होती. येथील पेठ ही मुख्यत्वे निवासाची वस्ती ठरली. शब्द जुना राहिला आणि आशय उलटला. लोकव्यवहाराने तर 'प्राधिकरण' हा संस्थावाचक शब्दच गावाचे नाव म्हणून स्वीकारला. संस्था २०२१ मध्ये विसर्जित झाली, तरी माणसे प्राधिकरणात राहतात. टेल्कोचे नाव २००३ मध्ये बदलले, तरी टेल्को रस्ता त्याच नावाने ओळखला जातो. 'एमआयडीसी' हा शब्द तर एका महामंडळाचे नाव न राहता कोणत्याही औद्योगिक वसाहतीसाठी सामान्यनाम झाला आहे.

नगरपालिकेस उत्पन्नाचे मुख्य साधन मिळाले ते जकातीचे. कारखान्यात येणाऱ्या पोलादापासून सुट्या भागांपर्यंत प्रत्येक वस्तूवर जकात लागे, आणि त्यामुळे पिंपरी-चिंचवडची गणना देशातील संपन्न नगरसंस्थांत होऊ लागली. रुंद रस्ते, उद्याने आणि रुग्णालये त्या उत्पन्नातून झाली. यात एक गुण होता आणि एक दोष. उद्योग वाढला की नगराचे उत्पन्न वाढते, म्हणून उद्योगास रस्ता व पाणी देण्यात नगरसंस्थेचा स्वार्थ होता, हा गुण. काही थोड्या मोठ्या कंपन्यांच्या उलाढालीवर संपूर्ण शहराचा अर्थसंकल्प अवलंबून राहिला, हा दोष. २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा नगर आणि कारखाना यांमधील हा थेट आर्थिक दुवा तुटला आणि नगरसंस्था राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर विसंबू लागली.

८. जाणारे उद्योग

सवलतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोहोंचा प्रत्यय पुढील काळात आला. बजाज ऑटोने दुसरा कारखाना काढला तो आकुर्डीस नव्हे, तर छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) जवळील वाळूज येथे. त्याची कोनशिला १९८४ मध्ये बसली आणि १९८५ मध्ये तो सुरू झाला. शासनाच्या विकेंद्रीकरणाच्या धोरणास आलेले ते फळ होते. पुढे तिसरा कारखाना चाकणला झाला. २००३ मध्ये केंद्र शासनाने उत्तरांचलसाठी उत्पादनशुल्काच्या सवलती जाहीर केल्यावर बजाज आणि टाटा या दोन्ही कंपन्यांनी पंतनगर येथे कारखाने उभारले. सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातील वाहननिर्मिती थांबली. ज्या कारखान्याच्या भोंग्यावर आकुर्डीचा दिवस चालत होता तो शांत झाला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची अवस्था त्यापूर्वीच, नव्वदच्या दशकात, आजारी उद्योगात गणना होण्याइतकी बिकट झाली होती. ज्या दोन नावांनी हा परिसर औद्योगिक नकाशावर आला त्यांचीच अशी स्थिती झाली.

तरीही शहर ओस पडले नाही. याचे कारण शोधू गेल्यास भोसरी-चिंचवडच्या शेडांकडे बोट दाखवावे लागते. आकुर्डीसाठी सुटे भाग बनविणारे हात चाकणसाठी बनवू लागले. जर्मन व अन्य परदेशी वाहन कंपन्या चाकणला आल्या त्या मोकळ्या माळावर आल्या असे नव्हे; सुमारे ४० वर्षे तयार होत आलेल्या कारागिरांच्या आणि पुरवठादारांच्या शेजारी आल्या. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये तेथे सुरू झाला. त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझनेही आपले काम पिंपरीच्या टाटा आवारातून चाकणला नेले. शाखानगराने स्वतःची शाखा धरली, असेच या घटनेचे वर्णन करता येईल.

हिंजवडीचा अनुभव याहून वेगळा आहे. महामंडळाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तेथे माहिती-तंत्रज्ञानाचे उद्यान विकसित केले. कंपन्या हिंजवडीत, त्यांचे नोकर शेजारच्या वाकडसारख्या महापालिकेच्या हद्दीतील भागांत, आणि उद्यान मात्र ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात, अशी तेथे विभागणी झाली. रस्त्यांवरील कोंडी हा तिचा सर्वांस परिचित परिणाम होय. उद्योग आधी आणि नगरशासन मागाहून हा १९७० पूर्वीचा क्रम ३० वर्षांनी पुन्हा गिरविला गेला. पहिल्या वेळी त्यास अनुभवाचा अभाव हे कारण देता येते. दुसऱ्या वेळी ते देता येत नाही.

९. कौलाबाहेरचे लोक

जुन्या कौलात दोन पक्ष असत : सरकार आणि येणारा उदमी. पेठेच्या जागेवर पूर्वी ज्याचे शेत होते तो सहसा त्या कागदात दिसत नाही. आधुनिक योजनेतही हा दोष चालत आला. प्राधिकरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांना विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के परत मिळावी हा प्रश्न दशकानुदशके गाजत राहिला. जमीन देणाऱ्याच्या मुलास कारखान्यात नोकरी मिळेल ही अपेक्षा काहींची पूर्ण झाली, पुष्कळांची झाली नाही. कंत्राटी कामगारांची पद्धत वाढल्यावर ती आणखी दुरावली.

पाण्याच्या बाबतीत हा विरोध अधिक तीव्रतेने प्रकट झाला. पवना ही या औद्योगिक नगराची जीवनवाहिनी. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत येई आणि रावेतपाशी उचलले जाई; वाटेत मावळातील शेतकरी नदीतून उपसा करून आपली शेती भिजवीत. महापालिकेने धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकण्याची योजना हाती घेतली तेव्हा नगराच्या दृष्टीने तिचा हेतू सरळ होता : पाण्याची गळती थांबावी, पाणी स्वच्छ मिळावे. नदीकाठच्या शेतकऱ्याला मात्र त्यात आपले पात्र कोरडे पडण्याची भीती दिसली. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. योजनेस स्थगिती मिळाली आणि ती दीर्घकाळ कायम राहिली. उद्योगास आणि नागरिकांस पाणी पुरविण्याची जी व्यवस्था १९६० नंतर शहराच्या भाग्याचे कारण ठरली, तिच्याच विस्ताराला वरच्या बाजूच्या गावांनी संमती दिलेली नव्हती, हे त्या दिवशी रक्ताने लिहिले गेले.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, उद्योग आकर्षित करण्याच्या कामी करमाफीचे स्थान समजले जाते त्याहून पुष्कळ दुय्यम आहे. पिंपरी-चिंचवड सवलतीवाचून वाढले, आणि सवलत दुसरीकडे मिळताच त्याचे काही मोठे उद्योग निघून गेले. सवलतीच्या स्पर्धेत उपनगराला कायमचा विजय मिळणे शक्य नाही. अधिक सवलत देणारे ठिकाण केव्हातरी निघतेच. दुसरी, सिद्ध जमीन, खात्रीचे पाणी आणि एका ठिकाणी मिळणारे उत्तर या गोष्टी उद्योजकास येण्यास प्रवृत्त करतात. परंतु त्यास टिकवून धरतात त्या कुशल हात आणि लहान कारखान्यांची साखळी. म्हणून मोठा भूखंड देताना त्याच्या शेजारी लहान भूखंड राखणे आणि प्रशिक्षणास उत्पादनाच्या आधी स्थान देणे ही नियोजनाची मुख्य कसोटी मानली पाहिजे. तिसरी, घरे, रस्ते व नगरशासन यांची उभारणी उद्योगाबरोबर व्हावयास हवी. मागाहून केलेली व्यवस्था नेहमी अधिक खर्चाची आणि अपुरी ठरते. चौथी, नगराचे उत्पन्न एकाच करावर आणि मोजक्या कंपन्यांवर उभे असेल तर ते संपन्नतेच्या काळातही असुरक्षित असते.

पाचवी गोष्ट कौलाच्या मूळ अर्थाशी निगडित आहे. कौल म्हणजे वचन. पुणे महानगर प्रदेशात नव्या वसाहतींच्या आखण्या चालू आहेत, आणि इतर शहरांची उपनगरेही हाच मार्ग चोखाळीत आहेत. त्यांच्या योजनापत्रात उद्योजकास दिलेली वचने तपशीलवार असतात. जमीन देणारा शेतकरी, नदीच्या वरच्या अंगाचे गाव आणि कंत्राटावर राबणारा कामगार यांना दिलेली वचने तितक्याच तपशिलाने, मुदतीसह आणि उत्तरदायी माणसाच्या नावासह लिहिली जातील, तेव्हाच त्या पत्रास कौल हे नाव शोभेल. मावळात गमावलेल्या तीन जिवांनी या कलमाची आवश्यकता निर्विवाद करून ठेवली आहे.